धामण कुठे सोडायची

आमच्या रहाटणीत साप निघाला की लोक आधी ओरडतात आणि मग माझ्या बाबांना फोन लावतात. बाबांचं नाव बुद्धभूषण, पण फोन करणाऱ्यांसाठी ते भूषणभाऊ सापवाले. चाकणच्या एका कंपनीत ते प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबायच्या खात्यात आहेत. फर्स्ट शिफ्ट करून आले की चहा पिताना एक कान फोनकडे. गाडीला लोखंडी हुक, एक पाइप आणि आईच्या जुन्या अभ्र्यांच्या पिशव्या कायम अडकवलेल्या. साप पकडायचा, जमलेल्यांना चार शब्द सांगायचे, मग थेट चाकणच्या पुढे डोंगरात नेऊन सोडायचा आणि सोडतानाचा फोटो स्टेटसला टाकायचा. फोटोखाली नेहमी एकच ओळ: 'गेला आपल्या घरी.' हॉलमध्ये बुद्धांच्या फोटोखाली बाबांची सन्मानपत्रं भिंतभर. पाहुणे आले की आई आधी ती दाखवते, मग पाणी देते.

मागच्या वर्षी निशिगंधाताई आमच्याकडे आली. ती सापांवर संशोधन करते. कंपन्यांच्या या पट्ट्यात सापडणाऱ्या धामणींचं पुढे काय होतं, हे तिला शोधायचं होतं. वनखात्याची परवानगी तिने काढली होती. बाबांनी पकडलेल्या धामणींच्या कातडीखाली पशुवैद्य एक छोटा ट्रान्समीटर बसवणार, अर्ध्या धामणी बाबांच्या डोंगरात सोडणार, अर्ध्या जिथे सापडल्या तिथेच जवळपास, आणि मग कोण कशी जगते ते बघणार. बाबा इतके खूश, की शॉपमध्ये सगळ्यांना सांगत सुटले, "आता आपल्या सापांना सिम कार्ड मिळणार, भावा."

दर रविवारी अँटेना धरायला मी जायला लागले. त्याआधी मी वर्गात तोंड न उघडणारी मुलगी होते. आम्रपाली नावाचं पोरांनी 'पाल' केलं होतं आणि मी तेही गपचूप ऐकून घ्यायचे. ताईने मला एकच शिकवलं: समोर जे दिसतंय ते स्पष्ट बोल, लाजू नकोस. रिसीव्हरचा टिकटिक आवाज जवळ येताना जाड होत जातो. तसा माझा आवाजही वाढला. वर्गात हात वर करून करून मी सगळ्या टीचरना कंटाळा आणला. मला 'पाल' म्हणणाऱ्याला मी त्याच्या सहामाहीचे मार्क सगळ्यांसमोर विचारले. पुन्हा कोणी म्हणालं नाही.

डोंगरातल्या पहिल्या धामणीचा सिग्नल झाडावरून आला. वर सापमार गरुडाचं घरटं होतं आणि काटक्यांत ट्रान्समीटर अडकलेला. दुसरी हायवेवर सापडली, पापडासारखी वाळलेली. नकाशावर तिची रेघ सरळ चाकणकडे येत होती. तिसरी दगडाखाली जिवंत होती, पण कातडं इतकं सैल की मोठ्या बहिणीचा ड्रेस घातल्यासारखं. पुढच्या रविवारी तिथे फक्त मुंग्या होत्या. ताई म्हणाली, धामणीला आपला इलाखा पाठ असतो. उंदीर कुठे, बीळ कुठे, ऊन कुठे, सगळं. नव्या जागेत ती नुसती फिरत राहते आणि फिरणारा साप सगळ्यांना दिसतो. इकडे जवळ सोडलेल्या धामणी मात्र कँटीनच्या मागे उंदीर खाऊन गुबगुबीत झाल्या होत्या. एक तर भंगारच्या यार्डात राहत होती, वॉचमनच्या खुर्चीपासून हाकेवर, आणि त्या बिचाऱ्याला पत्ताच नव्हता.

डोंगरातली एकही उरली नाही.

ताईने हे बाबांना लगेच सांगितलं नाही. या पट्ट्यातले बाकीचे सापमित्र बाबांचं ऐकतात. बाबांनी पद्धत बदलली तर सगळे बदलतील आणि धामणी इथेच टिकतील, म्हणून त्यांच्याशी निवांत बसून बोलायचं, असं तिचं म्हणणं. तोवर मी गप्प राहायचं. जेवताना बाबा विचारायचे, "काय म्हणतात डोंगरातल्या पोरी?" मी म्हणायचे, सिग्नल मिळाला. ते खरंच होतं.

मग शाळेचा विज्ञान दिन आला, प्रकल्पांची स्पर्धा होती. प्रमुख पाहुणे म्हणून मुख्याध्यापिकांनी बाबांनाच बोलावलं. बाप पाहुणा आणि लेक स्पर्धक, फोटो छान येईल असं त्यांना वाटलं. धामणींचा अभ्यास मांडू का, हे ताईला मी विचारलं नाही, कारण ती नाही म्हणाली असती. अख्ख्या शाळेत माझ्याएवढा भारी विषय कोणाकडे नव्हता. बाकीचे ज्वालामुखी करत होते.

बाबा स्टेजवर शाल आणि नारळ घेऊन बसले होते, कडक इस्त्रीचा शर्ट. माझी पहिली स्लाइड म्हणजे त्यांचाच फोटो, खाली 'गेला आपल्या घरी'. टाळ्या पडल्या. बाबा ताठ झाले. दुसरी स्लाइड घरट्याची. तिसरी हायवेची. चौथी मुंग्यांची. मी फार सुंदर बोलले, उगाच सांगत नाही. एकदाही अडले नाही. हॉल इतका शांत की पंखे ऐकू येत होते. शेवटी मागून आमच्या वर्गातल्या सिद्धेशने विचारलं, "मग काका साप वाचवतात, का पार्सल पोचवतात?"

हॉल हसला. मीही हसले. उत्तर तर तोंडात तयार होतं.

"निकाल बघितला तर पार्सल," मी म्हणाले.

पोरं बाकं बडवायला लागली. बाबांनी शेजारचा माइक घेतला. तो आधी चालूच होईना, कोणीतरी येऊन बटण दाबलं.

"ज्यांना ते मशीन बसवलं नव्हतं, त्यांचं काय झालं?" त्यांनी विचारलं. "आधीच्या वर्षांतल्या."

"त्यांचंही हेच झालं असणार. सॅम्पल त्यासाठीच घेतात, बाबा."

"बरोबर," ते म्हणाले आणि माइक खाली ठेवला. पहिलं बक्षीस त्यांनीच दिलं. फोटोत ट्रॉफीची एक बाजू मी धरली आहे, दुसरी त्यांनी.

घरी आल्यावर मी स्पर्धेचं सगळं पुन्हा सांगत होते. आई म्हणाली, "बक्षीस मिळालं ना? आता जेव." बाबांनी सापाच्या सगळ्या पिशव्या धुतल्या आणि घडी करून माळ्यावर टाकल्या. स्टेटस बंद. फोन वाजायचा आणि वाजून थांबायचा. काळेवाडीत घोणस निघाली, तिच्यावर लोकांनी उकळतं पाणी ओतलं आणि त्याचा व्हिडिओ बाबांनाच पाठवला. प्रेस शॉपमध्ये त्यांना आता 'कुरिअर' म्हणतात, हे मला त्यांच्या मित्राच्या मुलीकडून कळलं. माझं भाषण कोणीतरी रेकॉर्ड केलं होतं आणि ते चाकणपर्यंत पोचलं होतं. व्ह्यूज चिक्कार होते.

ताई घरी आली तेव्हा बाबा बेडरूममधून बाहेर आलेच नाहीत. जिन्यात ती मला म्हणाली, "तुझा एकही आकडा चुकला नव्हता, आम्रपाली. आता मी तेच आकडे घेऊन कोणाकडे जाऊ?" मी म्हटलं, बाबांना कळलंय ना, आता ते जवळच सोडतील, तुझं कामच झालं. तिने रविवारी येऊ नको म्हणून सांगितलं.

मी बाबांनाही तेच ऐकवत राहिले. जवळ सोडा, विषय संपला, रडण्यासारखं काय आहे त्यात? मग एका संध्याकाळी मागच्या सोसायटीतून दादासाहेबांचा फोन आला. सोसायटीची जमीन मूळ त्यांचीच, आता चेअरमनही तेच. पार्किंगमध्ये मोठी धामण होती. बाबांनी माळ्यावरून पिशवी काढली आणि मला म्हणाले, "हेल्मेट घाल."

धामण त्यांनी अलगद धरली. दादासाहेब म्हणाले, "आता नेऊन सोड तुझ्या डोंगरात."

"डोंगरात नेत नाही आता. इथंच मागं ओढ्याला सोडणार."

"हितं? आमची लेकरं खेळत्यात हितं."

"संशोधन झालंय, दादासाहेब. पोरगी सांगेल." बाबा माझ्याकडे वळले. "सांग यांना. शाळेत सांगितलंस तसं."

मला दोनदा सांगावं लागत नाही. मी पायरीवर उभी राहिले. धामणीला विष नसतं. तुमच्या गाड्यांच्या वायरी कुरतडणारे उंदीर ती खाते. तिला घालवाल तर उंदीर वाढतील आणि मग उंदरांसाठी विषारी साप येईल. लोक ऐकत होते. सोसायटीतल्या मोनिका काकूंनी गाडीच्या वायरीचा किस्सा सांगितला, लहान मुलांनी शेपटीला हात लावून बघितला. दादासाहेबही मान हलवत म्हणाले, "पटलं बाबा. सोडा हितंच." मी बाबांकडे बघितलं. बघा, एवढंच तर होतं.

बाबांनी मागच्या भिंतीपलीकडे ओढ्याच्या कडेला पिशवी उघडली. गवत जरासं हललं आणि धामण गेली. आम्ही फाटकाशी गाडी काढत होतो, तेव्हा मागून गादी झोडपल्यासारखा आवाज आला.

पळत गेलो. दोन वॉचमन बांधकामाचे पाइप घेऊन उभे होते आणि दादासाहेब भिंतीवरून कुठे मारायचं ते बोटाने दाखवत होते. धामणीचं मधलं अंग चेंदामेंदा झालं होतं. पुढचं अर्धं अजून भिंत चढायला बघत होतं. जरा चढायची, खाली पडायची.

बाबांनी वॉचमनच्या हातातून पाइप घेतला. मला वाटलं, आता ते कोणाला तरी मारणार. त्यांनी धामणीच्या डोक्यावर एकच घाव घातला आणि पाइप परत दिला. त्यांनी साप मारलेला मी आयुष्यात कधी बघितला नव्हता.

"भाषान ब्येस केलंस, पोरी," दादासाहेब मला म्हणाले. "पर ऱ्हायचं आमाला हाय हितं."

आकडे बरोबर होते, हे माझं आजही म्हणणं आहे. धामण पिशवीत घालून बाबांनी माझ्या मांडीवर दिली. येताना गाडी खड्ड्यात गेली की ती गुडघ्याला लागायची, अजून मऊ होती. घरी पोचलो तर बाबांचा फोन वाजत होता. त्यांनी तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि हात धुवायला गेले.

मी उचलला. एक बाई होती. वॉशिंग मशीनच्या मागे साप शिरला होता, लांब, पिवळसर, फणा न काढलेला. म्हणजे बहुतेक धामणच. नवरा आणि शेजारी काठ्या घेऊन दारात उभे होते.

"पण लांब नेऊन सोडणार ना?" बाईने विचारलं. "लांब नेणार असाल तरच मी यांना थांबवते."

बाबा नॅपकिनला हात पुसत दारात उभे होते. माझ्या हातातल्या फोनमधलं त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"हो," मी म्हणाले. "लांब डोंगरात सोडतील."

"पत्ता विचारून घे," बाबा म्हणाले आणि गाडीची किल्ली शोधायला लागले.