दोडक्याचं नाव

दिगंबरने पिशवीचं तोंड उघडून धरलं आणि बोट पुढे केलं. "वो... वो वाली."

"लौकी?" भाजीवाल्याने विचारलं.

लौकी म्हणजे दुधी. तो नव्हे. अंगावर शिरा असलेली, लहानपणापासून पानात पडत आलेली भाजी समोर ढिगाने पडली होती आणि तिचं नाव ना मराठीत आठवत होतं, ना हिंदीत. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती.

"हां, लौकी ही दे दो."

घरी कुसुमने पिशवी ओट्यावर उपडी केली. "अहो, दोडके सांगितले होते ना?"

"चांगले नव्हते," म्हणत तो बाहेरच्या खोलीत गेला.

पिपलानीच्या क्वार्टरांत दिगंबरचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. कारखान्यात फोरमन आणि वसाहतीच्या गणपतीत माइक त्याच्याच हातात. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला, तेव्हाही भेटायला येणाऱ्यांची समजूत त्यानेच काढली होती. "मशीन बिघडलंय, दुरुस्त करू."

पण त्यानंतर शब्द निसटू लागले. कात्री हातात असायची आणि नाव गायब. वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागे. कशातच जीव रमेना. उज्जैनच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी वस्तूंची नावं गेली, मग माणसांची. शेवटी शेवटी तो पोटच्या मुलाला "या साहेब, बसा" म्हणायचा. दिगंबर कॅन्सरला भीत नव्हता. त्याला भीती होती ती त्या 'साहेब, बसा'ची. म्हणून त्याने बोलणंच कमी केलं. गप्प माणसाची चूक कोण पकडणार?

शेजारचा अरविंद गणपतीच्या कार्यक्रमांचं ठरवायला आला, तर दिगंबर म्हणाला, "यंदा दुसऱ्या कुणाला तरी बघा." कुसुम चहा घेऊन दारातच थबकली होती.

बोलली ती थेट हॉस्पिटलात. डॉक्टर प्रतिभा मूळच्या इंदूरच्या. नेहमीची तपासणी उरकल्यावर त्यांनी विचारलं, "आणखी काही त्रास?"

"नाही," दिगंबर म्हणाला.

"आहे," कुसुम म्हणाली. "हे माझ्याशी बोलेनासे झालेत. माझं काय चुकलं, तेवढं तरी कळू दे."

दिगंबरने चमकून तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून, अडखळत, त्याने सगळं सांगितलं. भाजीचं, कात्रीचं, भावाचं.

डॉक्टरांनी पुष्कळ प्रश्न विचारले, मेंदूचे फोटो काढायला लावले, रक्त पुन्हा तपासलं. पुढच्या खेपेला त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून दोघांना समोर बसवलं.

"भावाच्या आजाराचं काही लक्षण दिसत नाही. कॅन्सर मेंदूतही गेलेला नाही. पण या आजारात शरीरात दाह, म्हणजे आतली सूज, वाढतो. तुमचा बराच वाढलाय. त्याचा परिणाम मेंदूवर होतो. शब्द अडतात, थकवा येतो, मन उतरतं."

"परत येतील शब्द?"

"उद्या भरती व्हा, पुढचे उपचार सुरू करू. आजार आटोक्यात आला की पुष्कळांचं सुधारतं. अगदी पहिल्यासारखं होईल, असं वचन नाही देत. पण लपवू नका. अडलं की सांगा."

फाटकाबाहेरच्या टपरीवर चहाचा पहिला घोट घेऊन दिगंबर म्हणाला, "म्हणजे नुसता कॅन्सरच ना?"

कुसुम रागावणार होती. पण तिला हसू फुटलं, आणि ते आवरेना. "मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आला."

"वेडी आहेस. एखाद्या दिवशी तोंडात भलतंच नाव येईल, म्हणून तुला हाकच मारत नव्हतो."

ती हसता हसता थांबली. पदराने डोळे टिपले, आणि त्याच्या तोंडाकडे पाहून तिला पुन्हा हसू आलं. या वेळी तोही हसला. बाकावरचे लोक वळून बघू लागले.

चहावाल्यालाही बरं वाटलं. "क्या बात है अंकल, छुट्टी मिल गई?"

"नहीं भैया," दिगंबर डोळे पुसत म्हणाला, "कल भर्ती होना है. दो चाय और बनाओ."