भरलेल्या नावेची शर्यत

"उभी राह्य," बाबा म्हणाले.

"लेकरू घेऊन?"

"लेकरू घेऊनच. बाया काय लेकरं काठावर ठेवून येतेत?"

मी उभी राहिले. वणीत ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या शाममिस्त्रीच्या शेडमागे दगडाची जुनी खाण होती, पाण्यानं भरलेली. पत्र्याच्या नावा बांधून मिस्त्री तिथेच सोडून पाहायचा. त्या दिवशी दोन होत्या. पहिली लांब, अरुंद, तोंडाशी टोकदार. मी उभी राहिले तशी ती एका कुशीवर झाली आणि मी बाबांचा खांदा धरला. चार महिन्यांचा माझा धम्मरत्न दचकून रडायला लागला.

"आता पदर सावर."

"बाबा, पडेन ना मी!"

"हं. उतर."

दुसरी रुंद होती, सपाट पोटाची. तिच्यात मी लेकरू एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं, पदर खोचला. ती हलली, पण एखाद्या म्हातारीनं नुसती मान हलवावी तशी.

"हेच," बाबा मिस्त्रीला म्हणाले.

माझा धाकटा भाऊ अतुल काठावर होता. त्यानं एक दगड उचलून पाण्यात हाणला. "शरीयत लुगडं सावराची हाय का बाबा? थे पह्यली पाहा, सुरीवानी कापते पान्याले. हे म्हैस हाय, म्हैस!"

"म्हैस तं म्हैस."

मिस्त्री हसला. अतुल नाही हसला. परतीच्या मेटाडोरमध्ये तो आम्हाला सोडून ड्रायव्हरशेजारी बसला.

आमच्या गावाचा मारेगावकडे जाणारा रस्ता धरणाच्या फुगवट्यात गेला, त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्याच पाण्याखाली बाबांचं वावर होतं आणि तांड्यावरच्या हिरासिंगाचंही. मोठी शाळा, दवाखाना, बस पलीकडे. गावाची निम्मी कपाशीही पलीकडेच. पाणी नवं होतं. त्याच्यावर कोणाच्या आजा-पणजाचा हक्क नव्हता, म्हणून आमच्या बौद्ध वस्तीतला माणूस असूनही बाबा त्यात नाव घालू शकले. मग हिरासिंगानं घातली. माणसं कोणी न्यायची यावरून दोनदा डोकी फुटली. तेव्हा ग्रामसभेनं ठरवलं, दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की शर्यत. पलीकडच्या काठाला नाव टेकवून परत यायचं. जो पहिला येईल त्याचीच नाव वर्षभर चालेल आणि जी शर्यतीत पळाली तीच चालेल. बाकीच्यांच्या नावा साखळीनं बांधून ठेवायच्या. शीड लावलेलं चालेल, इंजिन चालणार नाही.

म्हणजे नाव अशी हवी, की एक दिवस पळेल आणि उरलेलं वर्ष बाया, म्हातारे, कापसाची गाठोडी आणि बाजारची बकरी नीट पोहोचवेल. बाबा तीन वर्षं जिंकत होते, जुन्या लाकडी नावेवर. त्या पावसाळ्यात ती कुजली. हिरासिंगानं अरुंद नाव आणल्याचं गावभर झालं होतं आणि गाव त्याच्याकडून होतं. हिरासिंगावर त्यांची फार माया होती असं नाही. तीन वर्षं वस्तीच्या माणसानं 'बस', 'ऊठ', 'जरा सरक' म्हटलेलं त्यांना पुरे झालं होतं.

कापसाला भाव नव्हता, वेचणीला गेलेल्या बायका अर्ध्या दिवसात परत येत होत्या. त्या वर्षांत गावात सरकारी आणि पेपरवाल्यांच्या गाड्या यायच्या, कोणत्या शेतकऱ्यानं जीव दिला ते विचारायला. पाण्यावरचं कोणी विचारत नव्हतं. नाव गेली तर पन्नाशीच्या बाबांना कोणी कामावर बोलावणार नव्हतं. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी बोलत नव्हतं.

बाळंतपणाला आलेली मी शर्यतीपर्यंत राहिले.

ग्रामसभेत बाबा उठले. "औंदा शरीयत भरलेल्या नावेची लावा. रिकामी तं कोनीही पळवन. वर्षभर लोकं कायच्यात बसनार हायेत, थे पाहा ना."

"म्हैस आनली ना वणीहून, मंग आता असंच बोलन!" मागून कोणीतरी. हशा झाला.

हिरासिंग शांतपणे उभा राहिला. "मले मंजूर हाय. पन पोते भराचे नाईत. मानसं. आपल्याच गावातले, मोठे, आठ. ज्याचे त्यानं जमवाचे."

सरपंचांनी बाबांकडे पाहिलं, मिशीतल्या मिशीत हसले आणि ठराव लिहून घ्यायला सांगितला.

घरी येताना बाबा खूश होते. "आठ मानसं बसले का त्याची नाव काठोकाठ होते. पळन कायची?"

"अन् आपले आठ कोन?" आईनं विचारलं.

"रोज साठ-सत्तर बसतेत, कौसल्ये."

 वेचणीची जुनी फडकी जोडून आई शीड शिवत होती. त्यांच्यावर सरकीचे पिवळे डाग तसेच होते. तिनं दोरा दातानं तोडला आणि पुढचं फडकं घेतलं.

बाबा आधी शिंप्याकडे गेले. त्याचं शिलाई मशीन त्यांनी भर श्रावणात पलीकडून आणलं होतं, एक थेंब लागू न देता. शिंपी नजर न उचलता म्हणाला, "भीमराज, मी तं रोजच बसतो. पन रोज बसनं येगळं. त्या दिवशी बसलो का तुह्या बाजूनं बसलो, असं होते."

मग वस्तीतल्याच डोमाजीकडे. मी सोबत होते. डोमाजी बाबांच्या बरोबरीचा, एका पाटीवर शिकलेला.

"तू पान्यावर राह्यतं," तो म्हणाला. "मले गावात राहा लागते. माह्या दोन्ही सुना सरपंचाच्या वावरात वेचनीले हायेत. उद्या त्यानं येऊ नका म्हनलं तं?"

"तू एकटा ये. अर्ध्या घंट्याचं काम हाय."

"तुले समजून नाई राह्यलं का बे? अर्ध्या घंट्याचं नाई हाय थे!" डोमाजी ओरडला आणि मग माझ्या कडेवरच्या लेकराकडे पाहून गप्प झाला.

तीन दिवस बाबा दारोदार फिरले. कोणी घरात असून घरी नाही म्हणवलं, कोणी चहा पाजून नाही म्हटलं. चहा पाजणाऱ्यांचा बाबांना जास्त राग आला.

शेवटच्या संध्याकाळी अतुलनं बोटं मोजली. "आई. दीपाताई. सत्यशीला वहिनी." दीपा म्हणजे मी. वहिनी शेजारची, अंगणवाडीत मदतनीस. "मी वल्ह्यावर, मी धरल्या जात नाई. म्हंजे तीन."

"धम्मरत्न धरून साडेतीन," आई म्हणाली.

"आनाची होती ना थे अरुंद!" अतुल बाबांवर धावून गेल्यासारखा म्हणाला. "कायले सांगतलं तुमाले भरलेली शरीयत? आपल्याच हातानं!"

बाबा म्हणाले, "वल्ह्याले तेल लाव."

सव्वीस तारखेला पोरांनी झेंड्याखाली लिमलेटच्या गोळ्या खाल्ल्या आणि सगळं गाव काठावर आलं. हिरासिंगाच्या नावेत आठ बाप्ये बसले, त्यांत शिंपीही होता. दोन्ही हातांनी त्यानं नावेचा काठ धरला होता आणि तो आमच्याकडे पाहत नव्हता. पाणी काठापासून दोन बोटं खाली. आमच्या नावेत आम्ही तिघी. दोघींच्या मध्ये चौघी मावतील एवढी जागा.

तेवढ्यात तांड्यावरची रामीबाई काठी टेकत आली आणि सरळ आमच्या नावेत चढायला लागली. हिरासिंगाची सख्खी काकू.

"काकी! तिकडं कुठं?"

"मी तं रोज भीमराजच्याच नावेत बसतो. तुह्या नावेत माहे गुडघे मावत नाईत, बेटा."

काठावर हसू फुटलं आणि लगेच विझलं. सरपंच पुढं आले. "चार? चारात नाई जमत, भीमराज. ठराव तुहाच हाय."

"चारावर पळतो."

"पळ ना. कोनं अडवलं? पन धरल्या जानार नाई."

बाबा क्षणभर उभे राहिले. मला वाटलं, उतरा म्हणतील. ते अतुलला म्हणाले, "पाल बांध." आमच्याकडे शिडाला पाल म्हणतात.

जाताना वारा पाठीशी होता. आईनं शिवलेलं शीड फुगलं. तिनं वर पाहिलं, एकेका शिवणीवरून नजर फिरवली. येताना वारा तोंडावर, शीड उतरवून दोघं बापलेक वल्ह्यांवर. आम्ही काठाला लागलो तेव्हा हिरासिंगाची नाव अजून पाण्याच्या मधोमध होती आणि तिच्यातले दोघं ओंजळींनी पाणी उपसत होते.

कोणी टाळी वाजवली नाही.

"रिकामी होती ना, पळनारच," मागून आवाज आला.

हिरासिंग आल्यावर त्याला गुलाल लावला.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीचा शिपाई साखळी घेऊन आला. त्याच्यानं नाव धरून बाभळीला बांधणं होईना, तेव्हा बाबांनी गुडघाभर पाण्यात उतरून ती त्याच्यासाठी धरून ठेवली.

आठ दिवसांनी मी सासरी निघाले. बस पलीकडून. बाबा पोहोचवायला आले. सवयीनं ते नावेच्या मागच्या टोकाला गेले.

"मधी," हिरासिंग म्हणाला.

सगळे पाहत होते. बाबा परत आले आणि बायांच्या मध्ये गुडघे जवळ घेऊन बसले. हात कुठं ठेवावे ते त्यांना कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग काखेत घातले.

अर्ध्या पाण्यात वारा फिरला. नाव एकीकडे झाली, एक बाई ओरडली.

"पाल सोड जराशी," बाबा खाली पाहत म्हणाले.

"बसनाऱ्यानं बसाचं. बोलाचं नाई."

 थोड्या वेळानं हिरासिंगानं शिडाची दोरी सैल केली. नाव सरळ झाली.

काठ आला. माणसं उड्या टाकून उतरली, मीही लेकरू घेऊन उतरले. बाबा बसूनच होते. सहा वर्षं ते सगळ्यांच्या शेवटी उतरत आले होते. हिरासिंगही त्यांच्या उतरण्याची वाट पाहत उभा. नावेत ते दोघंच.

"उतर ना," हिरासिंग म्हणाला. या खेपेला आवाज एवढा चढा नव्हता.

बाबा उतरले. नाव मागे सरकायला लागली होती. त्यांनी वाकून चिखलातली दोरी उचलली, खुंट्याला दोन वेढे दिले, गाठ मारली आणि एकदा ओढून पाहिली. मग पायजम्याला हात पुसले, माझी पिशवी खांद्याला लावली आणि बसच्या रस्त्याला लागले.