पोस्टमनच्या पिशवीचा संशय

मी पोस्टमनची पिशवी बोलतेय. ऐकण्याआधी एक लक्षात ठेवा, मी कुणावर चटकन विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. जिच्या पोटातून एकतीस वर्षं लोकांची बंद पाकिटं गेली, तिला माणसं बरोबर कळतात. पाकिटावरचं अक्षर फार सुबक असेल तर आत काहीतरी दडवलेलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. बारा शिवणयंत्रं एकदम खडखडत होती. मला शिवणारी बाई पट्ट्याला दुहेरी टाका घालता घालता शेजारणीला आपल्या सासूच्या कागाळ्या सांगत होती. माझा स्वभाव तिथेच बिघडला असावा. खाकी जाड कापड, आत तीन कप्पे, मागच्या बाजूला एक चोरकप्पा, अशी मी तयार झाले आणि एका पोरसवदा पोस्टमनच्या खांद्यावर जाऊन बसले.

आम्हा दोघांचा एकच शत्रू होता, तो म्हणजे कुत्रा. फाटक वाजलं की कुत्रं धावून यायचं आणि पोस्टमन मला ढालीसारखा पुढे करायचा. माझ्या अंगावर दातांच्या चार खुणा आहेत. पहिली बेकरीवाल्याच्या काळ्या कुत्र्याची. दुसरी आणि तिसरी संगीतशिक्षिकेच्या पांढऱ्याशुभ्र, केसाळ, दिसायला अगदी देवभोळ्या कुत्र्याची. चौथी कुणाची ते कळलंच नाही, कारण आम्ही मागे वळून न बघता पळालो होतो.

पोस्टमन निवृत्त झाला तेव्हा त्याने साहेबांकडे मला मागून घेतलं. साहेबांनी नोंदवहीत माझ्यापुढे ‘निकामी’ असा शेरा मारला आणि मला सोडलं. शेरा खोटा होता, पण मी मनाला लावून घेतलं नाही. घरी दारामागच्या खुंटीवर मला जागा मिळाली. घरात माणसं दोनच, पोस्टमन आणि त्याची बायको. ती ग्रंथालयात काम करते. वस्तू जागच्या जागी दिसली नाही तर तिला घास गोड लागत नाही. आणि पोस्टमनचा स्वतःचा एक नियम होता, लग्नाच्या पहिल्या आठवड्यात बायकोला सांगितलेला. दुसऱ्याचं पाकीट फोडायचं नाही आणि तिकीट लावलेलं पत्र घरात ठेवायचं नाही.

दोन वर्षं सुखात गेली. मग एके दिवशी त्यांची लेक आली. ती नर्स आहे. तिची बदली झाली होती आणि नव्या वसतिगृहात जनावर चालत नव्हतं. तिच्या हातात दोरी होती आणि दोरीच्या टोकाला राखाडी रंगाचं, चार काटक्यांवर उभं असलेलं, थरथरणारं काहीतरी होतं.

“बाबा, ही काडी. एक महिना सांभाळा. तेवढ्यात मी हिला ठेवता येईल असं घर शोधते.”

“ही कुत्री आहे?” पोस्टमन दोन पावलं मागे सरकला.

“मग काय हरीण वाटलं?”

“हरीण परवडलं असतं. हरीण चावत नाही.” मग त्याने कुत्रीच्या बरगड्या मोजल्यासारखं केलं. “हिला खायला घालतेस की नाही?”

“व्हिपेट जातीची आहे ती, बाबा. या कुत्र्यांच्या बरगड्या दिसल्याच पाहिजेत. दिसेनाशा झाल्या तर समजा, तुमचे लाड नडले.”

“लाड!” पोस्टमन म्हणाला. “माझ्याकडून?”

लेक गेली. काडी दाराकडे तोंड करून तासभर उभी राहिली. रडली नाही, भुंकलीही नाही. मला तेच खटकलं. भुंकणारं कुत्रं चावत नाही म्हणतात. आम्हाला तर आजवर भुंकणाऱ्यांनीच फाडून खाल्लं होतं. मग ही न भुंकणारी काय करेल, या विचाराने माझे टाके सैल झाले.

मी तिच्यावर पाळत ठेवली. ती चालते तेव्हा पावलांचा आवाज होत नाही. चोराची चाल! दिवसातले अठरा तास झोपते आणि तेही गादीवर, पोट वर करून, चारही पाय आकाशाला लावून. इतकं निर्धास्त कुणी झोपतं का? पण बिस्किटाच्या डब्याचं झाकण नुसतं हललं तरी ती डब्यासमोर हजर. म्हणजे झोप हे ढोंग. थंडी वाजली की सरळ पांघरुणात नाक खुपसायची, आत एक गिरकी घ्यायची आणि पोस्टमनच्या पाठीला पाठ लावून पडायची. तो बिचारा श्वास रोखून कॉटच्या कडेला.

“अहो, पडाल,” बायको म्हणायची.

“हलू नकोस. जरा हललं तरी ती चावेल.”

“तुम्ही चावाल, पण ती नाही चावायची.”

नवव्या दिवशी तिने त्याच्या ताटातलं उकडलेलं अंडं नेलं. ते त्याला कळलंसुद्धा नाही. तो मीठ घ्यायला वळला आणि परत बघतो तर ताट मोकळं. काडी खिडकीत बसून बाहेरची रहदारी बघत होती. पोस्टमनने तडक कागद ओढला. फोनवर माणूस मऊ पडतो, पत्रात पडत नाही, असं त्याचं म्हणणं आहे. ओठ हलवत लिहायची त्याची सवय, म्हणून मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

“चि. लेकीस अनेक आशीर्वाद. तुझ्या कुत्रीने आज माझं अंडं नेलं. ती खुर्चीवर झोपते, कॉटवर झोपते, फक्त जमिनीवर झोपत नाही. माझ्याकडे एकटक बघते. हेतू कळत नाही. हे आमच्याने निभणार नाही. दुसरी सोय करावी. बाबा.”

पाकीट बंद केलं, तिकीट लावलं आणि माझ्या चोरकप्प्यात ठेवलं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! दोन वर्षांनी माझ्या पोटात पत्र आलं होतं, आणि तेही असं.

दहाव्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. पोस्टमन, त्याच्या खांद्यावर मी आणि दोरीला ती. टपालपेटी चौकाच्या अलीकडे आहे. पेटी वीसेक पावलांवर असताना समोरून एक धिप्पाड कुत्रा मालकाला ओढत आला. तो असा भुंकला की माझ्या जुन्या जखमा ठणकल्या. पोस्टमनने सवयीने मला पुढे केलं. आणि मग माझ्या लक्षात आलं, तो मला स्वतःपुढे धरत नव्हता. त्याने मला काडीपुढे धरलं होतं. काडी त्याच्या पायाला सगळं अंग टेकून उभी होती, लटलट कापत. तो कुत्रा गेल्यावरही तो बराच वेळ तसाच थांबला. मग आम्ही टपालपेटीसमोरून गेलो आणि पत्र काही पेटीत पडलं नाही.

विसरला असेल, मी स्वतःची समजूत घातली. अकराव्या दिवशी पुन्हा तेच. बाराव्या दिवशी तो पेटीसमोर थांबला, चोरकप्प्यावर हात ठेवला, इकडेतिकडे बघितलं आणि पुढे निघाला. पत्र पोटात ठेवून पेटी ओलांडायची? एकतीस वर्षांत आम्ही पुरात, तापात, कुत्र्यांच्या तोंडातून पत्रं पोचवली होती. मला दरदरून घाम फुटायचा बाकी राहिला. माझा माणूस फितूर झाला होता.

पुरावे तर रोज मिळत होते. माझ्या पुढच्या कप्प्यात बिस्किटं येऊ लागली. बायकोला सांगायचं दोन, टाकायची पाच. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी हटकलं, “काय हो, उपाशी ठेवता की काय हिला?” तर हा पठ्ठ्या छाती काढून म्हणतो, “व्हिपेट आहे. यांच्या बरगड्या दिसल्याच पाहिजेत.” जसा काही जन्मभर व्हिपेटच पाळत आला होता!

शाळेमागे कुंपण घातलेलं मैदान आहे. तिथे त्याने एकदा फाटक लावून तिची दोरी सोडली. काडी क्षणभर उभी राहिली आणि मग सुटली. मी वादळात पत्रं उडालेली पाहिली आहेत, पण असं सुटलेलं काही पाहिलं नव्हतं. चारही पाय एकदम हवेत, पाठ धनुष्यासारखी वाकायची आणि ताणायची. एक फेरी, दुसरी, तिसरी, आणि मग थेट पोस्टमनच्या अंगावर येऊन शेवटच्या क्षणी बगल. पोस्टमन हसला. नुसता हसला नाही, गुडघ्यावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. इतकी वर्षं मी त्याच्या खांद्यावर काढली, पण ते हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. मला तिचा राग आला. खरं सांगायचं तर हेवा वाटला.

चोविसाव्या दिवशी पोस्टमन दाढ काढायला गेला. काडीला फिरवायचं काम बायकोवर आलं. बिस्किटं शोधताना तिचा हात चोरकप्प्यात गेला. पाकीट बाहेर काढून ती बघत राहिली. लेकीचा पत्ता, नवऱ्याचं अक्षर, वर तिकीट.

“घ्या! लेकीला पत्र लिहिलं आणि विसरले,” ती काडीला म्हणाली. “वय झालं गं तुझ्या बाबांचं.”

तिने वाटेत ते पेटीत टाकलं. आत पडल्याचा तो हलका आवाज मला ओळखीचा होता. मला आनंद झाला, लपवत नाही. एका पोस्टमनची अब्रू वाचली आणि कुत्रीही जाणार. नवऱ्याचा गाल टम्म सुजला होता, त्यामुळे घरी आल्यावर पत्राचा विषय निघाला नाही. पुढे तो तिच्या डोक्यातून गेला. आणि पोस्टमन? तो हल्ली चोरकप्प्याकडे मुद्दामच हात नेत नसे. आपण पत्र अजून टाकलेलं नाही, हे त्याला रोज स्वतःला सांगावं लागू नये म्हणून.

त्यानंतर लेकीचा फोन येईनासा झाला. “काहीतरी बिनसलंय,” बायको म्हणाली. “तुम्ही काही बोललात का तिला?”

“मी कशाला बोलू?”

“मग असे दचकलात का?”

अठ्ठाविसाव्या दिवशी, रविवारी दुपारी, लेक दारात उभी. डोळे सुजलेले. हातात ते पाकीट. काडी तिच्याभोवती सात गिरक्या घेऊन आली, पण लेक नुसती तिच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

“सोय केलीय, बाबा. आमच्या डॉक्टरीणबाईंकडे मोठं अंगण आहे. त्या खाली गाडीत बसल्यात. हिचा स्वेटर आणि भांडं तेवढं द्या.”

“कसली सोय?”

तिने पत्र पुढे केलं. पोस्टमनने ते पाहिलं आणि तो माझ्याकडे धावला. चोरकप्प्यात हात घातला. मग पुढच्या कप्प्यात, मग मधल्या. मला उलटी करून झटकली. बिस्किटांचा चुरा पडला, बाकी काही नाही. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच घरभेदी. एकतीस वर्षांत त्याने माझ्यावर संशय घेतला नव्हता. कोणावरही विश्वास न ठेवणं सोपं असतं, पण आपल्या माणसाने आपल्यावर विश्वास न ठेवणं फार लागतं.

“मी टाकलं ते,” बायको म्हणाली. “तिकीट लावलेलं होतं. म्हटलं, विसरलात.”

“वाचलं नाहीस?”

“बंद पाकीट मी वाचेन? तुमच्याशी संसार करून?”

पोस्टमन मटकन खुर्चीवर बसला. काडी आली आणि तिने आपलं लांब नाक त्याच्या गुडघ्यावर ठेवलं. खालून गाडीचा भोंगा वाजला.

“बाबा, जमत नसेल तर नाही जमत. मी रागावले नाहीये,” लेक म्हणाली. रागावली होती.

“मी ते लिहिलं होतं,” पोस्टमन म्हणाला. “टाकलं नव्हतं.”

“म्हणजे काय?”

“रोज पेटीपर्यंत नेलं. रोज परत आणलं.” त्याने काडीचा कान बोटांत धरला. “एकतीस वर्षांत मी कुणाचं एक पत्र दाबून ठेवलं नाही. हे एक दाबलं. आता यापुढे मी तुला काय सांगू, बाळा?”

 मग लेक खाली जमिनीवर बसली आणि काडीला पोटाशी धरून रडायला लागली. रडता रडता म्हणाली, “पण खाली त्या बाई...”

“त्यांना मी सांगतो. वाईट बातम्या दारात नेऊन द्यायची मला सवय आहे.”

तो मला खांद्याला लावून खाली गेला. डॉक्टरीणबाई रागावल्या. तीन तास गाडी हाकत आल्या होत्या, रागावणारच. पोस्टमनने सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं, दोनदा माफी मागितली आणि जिना चढताना माझ्या पट्ट्यावरून एकदा हात फिरवला. ती माझी माफी होती, असं मी धरून चाललेय.

आता मी खुंटीवर नसते. पोस्टमनने माझ्यात एक जुना स्वेटर कोंबून मला खिडकीखाली ठेवलंय आणि काडी माझ्यावर डोकं ठेवून झोपते. तिच्या पापण्या हलतात, पाय धावतात. ढोंग असेल तर फार मेहनतीचं आहे. लेक महिन्यातून दोनदा येते आणि काडीच्या बरगड्यांवर बोट फिरवून बापाकडे रोखून बघते, कारण शेवटच्या दोन आताशा सापडत नाहीत.

जाता जाता एवढीच विनंती. कुणाच्या पिशवीत तिकीट लावलेलं पत्र दिसलं, तर टाकण्याआधी त्याला विचारा. रोज आपल्याबरोबर घेऊन फिरायचं आणि टाकायचं नाही, असंही पत्र असतं. मी एवढी पत्रं वाहिलेली पिशवी, मला हे कळायला एक कुत्री यावी लागली.