टेबलांवर वाळत घातलेले नकाशे

विद्यापीठात त्यांना सगळे नकाशेबाई म्हणत. तळघरातला जुन्या नकाशांचा संग्रह त्या बावीस वर्षं एकट्या सांभाळत होत्या. वरच्या मजल्यावर कायद्याचं ग्रंथालय होतं. तिथल्या ग्रंथपालांना मुलं वकीलसाहेब म्हणायची, कारण ते चहाला नको म्हणतानाही दोन मुद्दे मांडत.

तीन वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. एका बैठकीत वकीलसाहेब म्हणाले होते, "नकाशे आता संगणकावर दिसतात. तळघर आम्हाला द्यावं." तेव्हापासून ते जिन्यात भेटले की नकाशेबाई भिंत न्याहाळत.

एका सोमवारी सकाळी बाईंनी कुलूप उघडलं आणि पाऊल घोट्याएवढ्या पाण्यात पडलं. पाइप फुटला होता. कपाटांचे खालचे खण भिजून गेले होते. ओला कागद तसाच राहिला तर दोन दिवसांत बुरशी धरतो. पसरायला भरपूर जागा हवी होती, आणि तीही आजच.

एवढी मोठी टेबलं एकाच ठिकाणी होती. बाई ओल्या चपलांनीच जिना चढल्या.

"तुमची वाचनाची खोली हवी आहे," त्या म्हणाल्या. "चार दिवस."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "परीक्षा तोंडावर आल्यात."

"माहीत आहे मला."

"किती नकाशे आहेत?"

"तीनशे बारा."

आता मुद्दे सुरू होणार, असं बाईंना वाटलं. पण ते उठले आणि वाचत बसलेल्या मुलांना म्हणाले, "पुस्तकं उचला. पायऱ्यांवर बसा, नाहीतर बागेत. ज्यांचे हात कोरडे आहेत, त्यांनी माझ्याबरोबर खाली चला."

दुपारपर्यंत टेबलांवर डोंगर, नद्या, बंदरं पसरली. बाईंनी प्रत्येक नकाशाच्या वर-खाली टिपकागद घातला. कागद आकसू नये म्हणून वजन हवं होतं. वकीलसाहेब न्यायालयाच्या निकालपत्रांचे जाडजूड खंड एकेक करून आणू लागले.

"हे चालतील?"

"चालतील की. कधी नव्हे ते कुणाच्या तरी उपयोगी पडतायत."

ते हसले. मग टिपकागद बदलता बदलता खालच्या आवाजात म्हणाले, "त्या बैठकीत मी बोललो खरा. पण तुमच्या तळघरात तोवर पाऊलही टाकलं नव्हतं."

"कळत होतं ते," बाई म्हणाल्या. "हा कोपरा दोन्ही हातांनी धरा."

वाचनाची खोली बंद का, म्हणून विद्यापीठाच्या कार्यालयातून दोनदा तक्रारीचा फोन आला. दोन्ही वेळा वकीलसाहेबांनी इतकं सविस्तर उत्तर दिलं, की पलीकडच्यानेच कंटाळून फोन ठेवला.

नऊ नकाशे गेले. त्यांचा लगदा हातात घेऊन बाई खिडकीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. वकीलसाहेब शेजारी जाऊन उभे राहिले.

शुक्रवारी बाकीचे तीनशे तीन खाली न्यायचे होते. प्रत्येक खेपेला ते पुढे.

"अहो, सावकाश. पायरीकडे बघा."

"बघतोय."

"नकाशाकडे बघताय तुम्ही."

"या वेड्यावाकड्या रेघा कसल्या?"

बाई जिन्यातच थांबल्या आणि रेघेवर बोट ठेवून त्यांना डोंगराची उंची कशी वाचायची ते सांगू लागल्या.