दोन्ही बाजूंना पूल

"कालच लक्षात आलं बघ," ताई सांगत होती आणि तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. "दोन्ही बाजूंना पूलच आहे. आकडा नाहीच."

पुलाला शंभर वर्षं झाली म्हणून काढलेलं ते नाणं बाबांनी तिला वाढदिवसाला दिलं होतं. पुढच्याच महिन्यात त्याच नाण्याने आमचा फैसला केला. पैसे एकीलाच पुरणार होते, तेव्हा एकीने बाहेरगावी शिकायला जायचं आणि दुसरीने बाबांचं किल्ल्यांचं दुकान सांभाळायचं. पूल म्हणजे छापा, आकडा म्हणजे काटा. ताईने छापा मागितला, नाणं उडवलं आणि ती इंजिनिअर झाली. मी आजही लोकांच्या किल्ल्या घासते. हरलेलं माणूस नाणं उलटून बघतं का?

धडधड मलाही होत होती, पण कारण वेगळं होतं. दोन नाणी कापून एक करायची हत्यारं आमच्याच दुकानात आहेत. नाण्याला जोड निघाला, तर ताईने मला फसवलं. नाही निघाला, तर चूक टाकसाळीची आणि नशीब माझं. देवा, नशीबच असू दे, असं मी वाटभर म्हणत होते.

नाणेवाल्याचं दुकान जिन्याखाली, दोन खुर्च्या कशाबशा मावतील एवढं. ताईने आधी बाबांची बाकीची स्मारक नाणी मखमली डब्यांसकट पुढे केली.

"ही गाडाभर काढतात, मॅडम," तो म्हणाला. "यात डबीच काय ती चांगली."

मग त्याने पुलाचं नाणं घेतलं. वजन केलं, भिंग डोळ्याला लावलं, कडेवरून नख फिरवलं, बोटावर तोलून टिचकी मारली.

"जोड नाही." त्याचा आवाज कापत होता. "टाकसाळीतच दोन्हीकडे एक ठसा बसलाय. उभ्या जन्मात असं नाणं हातात धरलं नव्हतं. घर घ्याल याच्यावर."

मी ताईला मिठीच मारली. घर गेलं खड्ड्यात, माझी बहीण खोटी नव्हती! सकाळपासून तिच्याबद्दल काय काय मनात आणलं होतं, त्याची मला लाज वाटली.

"आणि एक ओरखडा नाही," नाणेवाला म्हणाला. "फार जपलेलं दिसतंय."

"मग! बाबांनी दिलं त्याच दिवशी ओळखलं होतं मी." ताई नुसती हरखून गेली होती. "तेव्हापासून कुणाच्या हाती लागू दिलं नाही. एकदाच काय ते उडवलं..."

मी मिठी सोडली.

मला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो संताप, आणि त्याच्या पाठोपाठ इतका हुरूप आला की मला एका जागी उभं राहवेना. मी नाणं उचललं आणि पर्समधली दुकानाची किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

"सकाळी वेळेवर उघड," मी म्हणाले. "गिऱ्हाईक थांबत नाही."

"आणि तू?"

"मी शिकायला चालले."