एकाच हाताची चाळीस चित्रं

पेन्सिलीने छटा भरताना उजव्या हाताच्या माणसाच्या रेषा वरून खाली डावीकडे उतरतात, डावखुऱ्याच्या उजवीकडे. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी मुलांच्या चित्रांतलं पहिलं चित्र उलगडलं, त्यातल्या भांड्याच्या पोटावरच्या रेषा उजवीकडे उतरत होत्या. दुसऱ्यातही. तिसऱ्यातही.

चित्रकलेच्या बाई डावखुऱ्या होत्या. रेषांचा हा कल त्यांच्या आत्ता ध्यानात आला.

तपासणीत मुलांची म्हणून दाखवायला चाळीसच्या चाळीस चित्रं त्यांनीच आठ दिवस घरी बसून काढली होती. कुठे हात मुद्दाम कापवला, कुठे रंग रेषेबाहेर नेला, कुठे खोडून खोडून कागद फाडला. कल तेवढा बदलायचा राहिला. चित्रकलेचा तास वेळापत्रकात होता, पण तीन वर्षं तो गणिताला जात होता. "चित्रं काय, पोरं घरीही काढतात," मुख्याध्यापक म्हणायचे. "भागाकार कोण करणार, तुमचे मोर?" दर वर्षी बाई ठरवायच्या, यंदा खोट्या श्रेण्या भरायच्या नाहीत. आणि दर वर्षी भरायच्या. नोकरी अजून कायम व्हायची होती.

"पोरांचा हात चांगला बसलाय हो," साहेब म्हणाले.

"बाईंची मेहनत!" मुख्याध्यापक हसले. टेबलाखाली त्यांचा पाय मात्र एकसारखा हलत होता.

साहेबांनी खिडकीत बसलेल्या मांजराचं चित्र उचललं, मागचा हजेरी क्रमांक वाचला. "एकोणीस. कोण आहे? बोलवा. माझ्यासमोर काढू दे."

"साहेब, तिचा गणिताचा तास चाललाय..."

"पाच मिनिटांत गणित कुठे पळून जात नाही."

एकोणीस नंबर म्हणजे चिमणी; वर्गात तिला सगळे तेच म्हणत. साहेबांनी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. "काढ बेटा, तुझी मांजर."

चिमणीने चित्राकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"आठव की गं," मुख्याध्यापक गोड आवाजात म्हणाले. "तूच काढलीस ना?"

"हो सर."

तिने एक गोल काढला, त्यावर दोन कान. पुढची रेष कुठून सुरू करायची तेच तिला कळेना. पेन्सिल हातातच राहिली.

"हे तुझं नाही," साहेबांचा आवाज चढला. "कुणाचं ढापलंस? आणि वर तोंडावर खोटं बोलतेस?"

चिमणीची मान खाली गेली. तिने बाईंकडे पुन्हा पाहिलं नाही, त्यांचं नाव घेतलं नाही. पोर आपल्याला वाचवतेय, हे बाईंना कळलं.

त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. मुख्याध्यापकांनी डोळे वटारलेले दिसले, तरी त्या उभ्या राहिल्या.

"साहेब, तिला काही विचारू नका. सगळी चित्रं माझी आहेत. तीन वर्षांत चित्रकलेचा एकही तास झालेला नाही, आणि यंदाच्या श्रेण्या मी भरणार नाही."