अकरा अटका, एक माणूस

सरकारी पैशाची पै न् पै तपासणारा माणूस म्हणजे समाजाचा पहारेकरी, असं तपासनीस मनापासून मानत. अमली पदार्थविरोधी पथकाने मात्र या पहारेकऱ्याला तीन पायांची खुर्ची दिली होती. चौथ्या पायाच्या जागी जुन्या तपासणी अहवालांचा गठ्ठा होता.

अनुदानाची अट साधी होती. तिमाहीला पंचवीस अटका, नाहीतर पैसे बंद. पथकाने बरोब्बर पंचवीस दाखवल्या होत्या. त्यातल्या अकरा एकाच माणसाच्या, आणि तो माणूस तपासनिसांचा सख्खा भाचा निघाला.

"हा तुम्हाला अकरा वेळा सापडतो कसा?"

"सापडतो कसला साहेब, स्वतःच येतो. टॉवेल घेऊन," हवालदार म्हणाला. "विकणाऱ्यांना धरायचं तर गाडी लागते, डिझेल लागतं. हा बिचारा चालत येतो."

"आठवडे तेरा होते. उरलेल्या दोन आठवड्यांत?"

"तेव्हा आम्ही रजेवर होतो."

संध्याकाळी बहीण घरी आली. पाणीसुद्धा प्यायली नाही.

"दादा, सही करून टाक ना रे."

"खोट्या आकड्यांवर?"

"आकडे गेले खड्ड्यात! आठवड्याचे तीन दिवस कोठडीत असतो, तेवढे तरी दोन वेळ जेवतो, टोचून घेत नाही. त्यावरच तगलाय तो."

"घरचा म्हणून सोडलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"घालू देत. चूळ भरता येते, दादा. माझं पोर गेलं तर मी काय करू?"

तपासनिसांनी अनुदान थांबवलं. शेऱ्यात ‘जवळचे नाते असूनही’ असं लिहायचा मोह त्यांनी आवरून पाहिला. आवरला नाही.

सोमवारी भाचा नेहमीसारखा पथकाच्या दारात गेला. हवालदाराने त्याला बाहेरूनच वाटेला लावलं. "आता तुला धरून आमचा काही फायदा नाही रे बाबा. घरी जा."

तो घरी गेला नाही. चौथ्या दिवशी बसथांब्यामागच्या शौचालयाचं दार फोडावं लागलं. सुई दंडातच होती.

बहिणीने भावाला कळवलं नाही. त्यांना ते ऑफिसातल्या शिपायाकडून कळलं.

पुढच्या तिमाहीत पथकाचा अहवाल आला. अटका: शून्य. परिसरातील व्यसनींच्या संख्येत घट: एक.

तपासनिसांनी आकडा पडताळून पाहिला. बरोबर होता.